झोपेची प्रत आणि मेंदूचे आरोग्य : महाड-पोलादपूरच्या संदर्भात आढावा

झोपेची घडण

निरोगी प्रौढ माणसाची झोप रात्रभर एकसारखी नसते. सुमारे 90 मिनिटांचे एक, अशी चार ते सहा आवर्तने मिळून रात्र पुरी होते. प्रत्येक आवर्तनात आधी हलकी झोप, मग मध्यम, मग गाढ आणि शेवटी स्वप्नांची झोप असा साधारण क्रम असतो. गाढ झोपेत मेंदूतील विद्युतलहरी संथ आणि उंच होतात, नाडी व श्वास मंदावतात, रक्तदाब उतरतो आणि माणसाला हलवले तरी तो चटकन जागा होत नाही. स्वप्नांच्या झोपेत मात्र मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कार्यरत असतो, मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि श्वासाचे व डोळ्यांचे स्नायू सोडले तर बाकीचे शरीर लुळे पडते. माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची नोंद जर्मनीतील हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. पुढे 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन अझेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या हालचालींचा शोध प्रसिद्ध केला आणि झोपेच्या अभ्यासाला वेगळे वळण लागले.

या दोन प्रकारच्या झोपेची रात्रभरातील वाटणी सारखी नाही. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या सुरुवातीला पडतो, तर स्वप्नांच्या झोपेचा पहाटेकडे. त्यामुळे पहिल्या गाडीसाठी पहाटे साडेतीनला उठणाऱ्याची तूट मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत पडते. ज्याची झोप दर दहा-वीस मिनिटांनी मोडते, त्याला गाढ झोपेपर्यंत पोचताच येत नाही. प्रौढांना सात ते नऊ तास, साठी-पासष्टीनंतर सात-आठ, चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा आणि शाळकरी मुलांना नऊ ते अकरा तास झोप लागते, असे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. पण तास हे अर्धेच माप आहे. पडल्यावर झोप लागायला किती वेळ गेला, रात्रीत ती किती वेळा मोडली, अंथरुणातल्या एकूण वेळापैकी किती वेळ प्रत्यक्ष झोपेत गेला आणि सकाळी अंग हलके वाटते का, यांवरून झोपेची प्रत ठरते. अंथरुणातील वेळेच्या 85 टक्के किंवा अधिक वेळ झोप लागणे चांगले समजतात.

तास आणि प्रत यांतला फरक चेन्नईतील एका प्रयोगात स्पष्ट दिसला. कमी उत्पन्नाच्या 452 प्रौढांच्या मनगटावर हालचाल टिपणारी यंत्रे बांधण्यात आली. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणात असत, पण त्यांची प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास भरली. उकाडा, डास, गोंगाट आणि दाटीवाटी यांनी ती पुन्हा पुन्हा मोडत होती. त्यांना माहिती, प्रोत्साहन आणि डोळ्यांची पट्टी, कानातले बोळे यांसारखी साधने देऊन रात्रीची झोप सरासरी 27 मिनिटांनी वाढवली, तरी त्यांच्या कामात किंवा मनःस्वास्थ्यात म्हणावा असा फरक पडला नाही. दुपारी शांत जागी घेतलेल्या अर्ध्या तासाच्या डुलकीने मात्र काम आणि मनाची स्थिती दोन्ही सुधारली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दोन गोष्टी हाती लागतात. अंथरुणात घालवलेला वेळ आणि लागलेली झोप यांत गरिबाच्या घरी मोठी तफावत असते. आणि मोडत्या झोपेत आणखी थोडी मोडती झोप मिळवून फारसे साधत नाही.

झोप कशाने येते

झोपेची वेळ मेंदूतील दोन यंत्रणा मिळून ठरवतात. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये ही मांडणी केली. पहिली यंत्रणा झोपेच्या ओढीची. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात, तसतसे ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि डोळे जड होतात. झोपेत हा साठा उतरतो. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडिनोसीनची जागा अडवते, म्हणून पेंग जाते. मात्र साठा तसाच राहतो. कॅफीनचा निम्मा अंश शरीरात साधारण पाच तास टिकत असल्याने संध्याकाळी सातचा चहा मध्यरात्रीही काम करत असतो.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराचे चोवीस तासांचे चक्र चालवतो आणि रोजच्या उजेडाने हे घड्याळ लावून घेतो. पेशींतील घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवते आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागते. निळसर प्रकाशाने हा स्राव दबतो. मोबाइलच्या पडद्याचे नुकसान त्यामुळेच काही प्रमाणात प्रकाशाचे असते, पण त्याहून अधिक ते मन गुंतून झोपेची वेळ पुढे ढकलली जाण्याचे असते.

पूर्वीचे लोक दिवेलागणीलाच झोपत आणि भरपूर झोपत, हा समज तितकासा खरा नाही. टांझानियातील हाडझा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या वीज न वापरणाऱ्या समाजांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची झोप सरासरी 5.7 ते 7.1 तास निघाली आणि ती सूर्यास्तानंतर तीनेक तासांनी सुरू होत होती. पण ती नियमित होती आणि रात्री हवा थंडावत जाते त्या वेळेशी जुळलेली होती. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा घरात झोप उशिरा लागते आणि लवकर मोडते.

झोपेत मेंदू काय करतो

पहिले काम आठवणी पक्क्या करण्याचे. दिवसभरातील नव्या नोंदी हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरत्या असतात. गाढ झोपेत त्याच पेशी दिवसाच्याच क्रमाने, पण अधिक वेगाने पुन्हा चेततात, हे 1990 च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत दिसले. या उजळणीतून आठवण हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलात स्थिरावते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेल्या पाठांतराचा तोटा दुहेरी असतो. आदल्या दिवशीचे पक्के होत नाही आणि दुसऱ्या दिवशी नवे टिपणाऱ्या पेशी थकलेल्या असतात.

दुसरे काम भावनांचे. एक रात्र जागलेल्या तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रे दाखवली, तेव्हा भीती आणि रागाशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त निघाला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा दुवा सैल पडला होता. हा प्रयोग 2007 चा. जागरणानंतरची चिडचिड स्वभावाची कमी आणि या सैल दुव्याची जास्त असते. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. नैराश्याचे लक्षण म्हणून झोप बिघडते हे जुने निरीक्षण आहेच. आता हे नाते दोन्ही बाजूंनी चालते असे मानले जाते.

तिसरे काम सफाईचे, आणि इथे वाद आहे. मेंदूभोवतीचा द्रव पेशींमधल्या फटींतून वाहतो आणि बीटा-ॲमिलॉइडसारखी टाकाऊ प्रथिने बाहेर नेतो, ही यंत्रणा मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने 2012 मध्ये मांडली. झोपलेल्या उंदरांत या फटी सुमारे 60 टक्क्यांनी रुंदावतात, असे त्यांनी 2013 मध्ये दाखवले. माणसात गाढ झोपेच्या संथ लहरींबरोबर मेंदूतील द्रवाचे लाटांसारखे येणे-जाणे 2019 मध्ये टिपले गेले. मात्र लंडनमधील एका गटाच्या 2024 मधील प्रयोगांत उंदरांच्या मेंदूची सफाई झोपेत वाढण्याऐवजी मंदावलेली दिसली. नेडरगार्ड यांच्या गटाने 2025 मध्ये नवा पुरावा पुढे केला. झोपेत नॉरॲड्रेनलीन हे द्रव्य ठरावीक तालात कमी-जास्त होते, रक्तवाहिन्या त्या तालात आक्रसतात व सैलावतात आणि द्रव पुढे ढकलला जातो. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने उंदरांत हा ताल मंदावला. प्रश्न अजून सुटलेला नाही. झोपेमुळे ‘मेंदू धुतला जातो’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, तितके ते पक्के नाही.

स्मृतिभ्रंशाशी असलेले नातेही जपून मांडावे लागते. ब्रिटनमधील सुमारे 8,000 सरकारी कर्मचाऱ्यांचा 25 वर्षे मागोवा घेतला गेला. पन्नाशी, साठी आणि सत्तरी अशा तिन्ही टप्प्यांवर सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त आढळले. एका रात्रीच्या जागरणानेही मेंदूतील बीटा-ॲमिलॉइड वाढते, असे 20 जणांवरील एका छोट्या अभ्यासात दिसले. पण मेंदूत रोगाची सुरुवात लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी होते आणि ती झोपही बिघडवते. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे काढणे अवघड जाते. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके नोंदवले. त्यांत झोपेचा समावेश नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा आणि नैराश्य मात्र आहेत, आणि अपुऱ्या किंवा मोडत्या झोपेचा संबंध या चौघांशीही आहे.

अपुऱ्या झोपेचे लगेच दिसणारे परिणाम

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सावधपणाबद्दल. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सलग 14 रात्री सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगलेले आहोत असे वाटत होते. ‘सवय झाली आहे’ असे सांगणाऱ्याला सवय झालेली असते ती उणिवेची. ती उणीव जाणवणे तेवढे थांबते.

ऑस्ट्रेलियातील 1997 च्या प्रयोगाने हीच घसरण मद्याच्या मापात मोजली. सलग 17 तास जागे राहिल्यावर हात आणि नजर यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतका बिघडतो, आणि 24 तासांनी 0.10 टक्क्यांइतका. भारतात वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे.

महाड-पोलादपूरला हा हिशेब रस्त्यावर लागू होतो. मुंबई-गोवा महामार्ग महाड आणि पोलादपूर ओलांडून कशेडी घाट चढतो आणि खेडकडे उतरतो. पोलादपुराहूनच आंबेनळी घाटाचा रस्ता महाबळेश्वरला जातो. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी कामाचा दिवस संपवून रात्री निघतात. सकाळी सहाला उठून दिवसभर काम केलेला माणूस रात्री दहाला मुंबई सोडतो आणि पहाटे तीनच्या सुमारास पोलादपुराजवळ येतो, तेव्हा तो 21 तास जागा असतो. पहाटे दोन ते सहा ही शरीराच्या घड्याळात झोपेची ओढ सर्वांत तीव्र असण्याची वेळ. या स्थितीत मेंदू काही सेकंद झोपून घेतो आणि चालकाला ते कळतही नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सुमारे 67 मीटर पुढे जाते. घाटातले वळण त्याहून आखूड असते. कशेडीच्या बोगद्याने 2023 पासून वळणांचा त्रास बराच कमी केला आहे, पण सरळ, एकसुरी रस्ता पेंग आणतो, हेही खरे. मोठ्याने गाणी लावणे, खिडकी उघडणे, तंबाखू चोळणे यांनी फारसे काही साधत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटे झोपावे. कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा लाभ एकदम मिळतो.

रात्रपाळी

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने चोवीस तास चालतात. भट्टी आणि रिॲक्टर रात्री थांबवता येत नाहीत, त्यामुळे तीन पाळ्या लागतात. महाड, बिरवाडी आणि पोलादपूरच्या वाड्यांतून अनेक कामगार तिथे जातात. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन पडते आणि शरीराचे घड्याळ ‘दिवस सुरू झाला’ असे समजते. घरी मुले, शेजार, फेरीवाले, शेतीची कामे चालूच असतात. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा कमी भरते आणि हलकी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये, रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोकाही रात्रपाळीवाल्यांत जास्त आढळतो.

पाळ्या रद्द करता येत नसल्या, तरी त्यांची रचना सुधारता येते. सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोपा जातो, कारण घड्याळ पुढे ढकलणे हे मागे ओढण्यापेक्षा सहज जमते. रात्रपाळीहून सुटल्यावर लगेच सकाळची पाळी लागू नये. कामाच्या जागी पहाटेपूर्वी लख्ख उजेड आणि थोड्या विश्रांतीची सोय असावी. घरी निजायच्या खोलीला जाड, गडद पडदा लावावा आणि घरातल्यांनी ती वेळ रात्रीसारखी पाळावी.

पाऊस, पूर आणि दरड

शांत झोपेसाठी मेंदूला सुरक्षित वाटावे लागते. झोपेतही कान बंद नसतात. अर्थ असलेला आवाज, उदाहरणार्थ स्वतःचे नाव किंवा बाळाचे रडणे, मेंदू ओळखतो आणि जागा होतो. या भागात पावसाळ्यात असे आवाज बरेच असतात. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. 22 जुलै 2021 रोजी तळिये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी आल्या, महाड शहर पुरात बुडाले. पुढे 19 जुलै 2023 च्या रात्री याच जिल्ह्यात खालापूरजवळची इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा वाडीतले अनेक जण झोपेत होते. डोंगराखालच्या घरात मुसळधार रात्री कोणीतरी जागे राहणे हे यानंतर शहाणपणच ठरते. ज्या जागरणाने जीव वाचू शकतो, त्याला निद्रानाश म्हणता येत नाही.

पाऊस सरल्यावरही मेंदू पहाऱ्यावरच राहिला, तर प्रश्न उभा राहतो. आपत्तीतून वाचलेल्यांत झोप न लागणे, दचकून उठणे आणि त्याच घटनेची स्वप्ने पडणे ही आघातोत्तर ताणाची मुख्य लक्षणे आहेत. निरोगी माणसात स्वप्नांच्या झोपेच्या वेळी नॉरॲड्रेनलीन जवळजवळ थांबते. भीतीची आठवण त्या शांततेत पुन्हा समोर येऊन सौम्य होते, असे एक मत आहे. आघातानंतर हे द्रव्य रात्रीही चढलेले राहते.

याच द्रव्याशी महाडचा आणखी एक, वेगळ्या वाटेने आलेला संबंध आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलीन-नॉरॲड्रेनलीनचे वादळ उठते, हृदय निकामी होते आणि फुप्फुसांत पाणी भरते. त्यावर त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसीन हे स्वस्त औषध वापरले आणि कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नॉरॲड्रेनलीनची वाट अडवणारे हेच प्रॅझोसीन पुढे अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर दिले जाऊ लागले. सुरुवातीचे छोटे अभ्यास आशादायक होते. मात्र 304 माजी सैनिकांवरील 2018 च्या मोठ्या चाचणीत बनावट गोळीपेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नाही. आजही काही रुग्णांना ते दिले जाते, पण आघातानंतरच्या झोपेवर मानसोपचाराला पहिले स्थान आहे.

सुरक्षित स्थळी हलवल्यावरही झोप लगेच मिळत नाही. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो आणि आवाजाला लवकर जागा होतो, हे 2016 मध्ये दाखवले गेले. पावसाळ्यात दरडप्रवण वाड्यांतील कुटुंबांना शाळेत किंवा समाजमंदिरात हलवतात, तेव्हा पहिल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणे स्वाभाविक आहे. निवाऱ्यात अंधार, स्त्रियांसाठी वेगळी जागा, डासांपासून बचाव आणि जवळ शौचालय एवढे असले, तर झोप दोन-तीन दिवसांत सावरते. यांपैकी काही नसले की लोक धोका पत्करून रात्री घरी परततात.

अंथरुणाची जागा

जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका असतो. हा साप रात्री फिरतो, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, त्यामुळे अनेकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही आणि पुढे श्वास थांबू लागतो. अशा वेळी मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे यांनी हा धोका बराच टळतो. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीमुळे सर्पदंश कमी झाल्याचे आढळले आहे. तीच मच्छरदाणी डास दूर ठेवून झोपही अखंड राखते. भात तयार झाल्यावर रानडुकरांपासून राखणीला रात्री शेतावर जाणाऱ्यांनी मचाण उंच बांधावे आणि घरातल्यांनी आळीपाळीने जावे. एकट्यानेच पंधरवडाभर राखण केली, तर दिवसा विळा चालवताना हात कापतो.

घोरणे

समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ जिथे लिहिला असे परंपरा सांगते, ती शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. या ग्रंथाच्या अठराव्या दशकातील नववा समास ‘निद्रानिरूपण’ हा आहे. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणे, बरळणे यांचे मिस्कील वर्णन त्यात येते. घोरणे हा गावोगावी आजही थट्टेचाच विषय आहे. वैद्यकात मात्र मोठ्या आवाजाचे, मधेच थांबणारे आणि मग धापेने सुरू होणारे घोरणे हे आजाराचे चिन्ह मानतात. झोपेत घसा सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास परत सुरू होतो. गंभीर रुग्णात हे तासाला तीसहून अधिक वेळा घडते. सकाळी त्याला काही आठवत नाही. आठ तास झोपूनही डोके जड का, हे मात्र त्याला समजत नाही.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपेतील श्वासदोष 19.5 टक्के, तर दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार 7.5 टक्के पुरुषांत आढळला. या विकाराने रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात यांचा धोका वाढतो आणि स्मृती व एकाग्रता घटते. जाड मान, वाढलेले वजन, लहान हनुवटी आणि संध्याकाळचे मद्य ही जोखमीची कारणे आहेत. स्त्रियांत पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढते. निदानासाठी रात्रभराची चाचणी लागते आणि त्यासाठी इथल्या रुग्णाला सहसा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. घरी नेऊन लावायची छोटी यंत्रेही आता मिळतात. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि मध्यम ते तीव्र विकारात हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र हे उपचार आहेत. हे यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये पुढे आणले.

झोप मोडणारी इतर कारणे गावपातळीवरही ओळखता येतात. संध्याकाळी टेकले की पायांत वळवळ सुटणे आणि चालल्याशिवाय चैन न पडणे हा एक विकार आहे. शरीरातील लोह कमी असल्यास तो बळावतो, म्हणून रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना त्याबद्दल विचारले पाहिजे. मधुमेह किंवा प्रोस्टेटमुळे रात्री वारंवार लघवीला उठावे लागते. दमा आणि आम्लपित्त पहाटे उसळतात. तंबाखू व मशेरीतील निकोटीन उत्तेजक आहे. मद्याने झोप चटकन लागते, पण उत्तररात्र मोडते आणि स्वप्नांची झोप घटते.

मुले आणि वृद्ध

वयात येताना मुलांचे घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकते. रात्री अकरापूर्वी झोप न येणे हा त्या वयात नेहमीच उनाडपणा नसतो. लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये लक्ष वेधले. त्यानंतर 8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग 2024-25 पासून सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरले. माध्यमिक शाळेसाठी वाडीतून चालत येऊन एसटी गाठणाऱ्या मुलांची उठण्याची वेळ मात्र गाडीच्या वेळापत्रकावर ठरते. त्यांच्यासाठी शाळेची वेळ आणि गाडीची वेळ यांची सांगड घालावी लागेल.

उतारवयात गाढ झोप कमी होते, झोप लवकर येते आणि पहाटेच उघडते. हे वयाला धरून आहे. दिवसभर घरात, कमी उजेडात बसून राहिल्याने आणि वेळी-अवेळी डुलक्या काढल्याने ते वाढते. मुले शहरात असल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांत हे विशेष दिसते. सकाळचे ऊन, थोडे चालणे आणि माणसांत बसणे यांचा चांगला उपयोग होतो. झोपेच्या गोळ्यांनी या वयात तोल जाऊन पडणे, गोंधळणे आणि गोळीवाचून झोप न लागणे असे धोके असतात. अल्प्राझोलमसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. ती दीर्घकाळ घेत असल्यास एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

उपाय

तीन महिन्यांहून जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार औषधाचा नसून वर्तनाचा आहे. अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये तशीच शिफारस केली. त्याचे मुख्य नियम असे : उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये. सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसावे. अंथरुणात मोबाइल, हिशेब आणि चिंता नेऊ नये. प्रत्यक्ष झोप जेवढी लागते तेवढाच वेळ सुरुवातीला अंथरुणात घालवावा, आणि झोप सलग होऊ लागली की तो वेळ वाढवावा. पहिले एक-दोन आठवडे थकव्याचे जातात, म्हणून त्या काळात गाडी चालवणाऱ्यांनी जपावे.

दुपारच्या झोपेबद्दल जुने आणि नवे मत बऱ्यापैकी जुळते. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. दिवसा झोपणे ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत वर्ज्य ठरवले, पण मुले, वृद्ध, ओझ्याने व प्रवासाने थकलेले आणि रात्री जागलेले यांना त्यातून सूट दिली. लावणीच्या दिवसांत पहाटे उठून दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला अर्ध्या तासाची वामकुक्षी फायद्याचीच ठरते. तीननंतरची किंवा तासाभराहून लांबलेली झोप मात्र रात्रीची ओढ कमी करते. हरिनाम सप्ताह किंवा शिमग्यातील एखाद्या जागराचे नुकसान पुढच्या एक-दोन रात्रींत बरेचसे भरून निघते. महिनोन्महिने साठलेली तूट रविवारच्या एका लांब झोपेने फिटत नाही.

बाकीचे उपाय एकट्या माणसाच्या हातात नाहीत. दरडीच्या तोंडावरील वाड्यांचे पुनर्वसन, वेळेत मिळणारा पावसाचा इशारा, मच्छरदाण्या आणि पत्र्याखाली छत, पाळ्यांचा सरकता क्रम, महामार्गावर रात्री गाडी लावून झोपता येईल अशा उजेडाच्या व सुरक्षित जागा, प्रवासी वाहनांवर लांबच्या फेरीला दुसरा चालक, ही कामे शासन, कारखाने आणि वाहतूकदारांची आहेत. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या 1961 च्या कायद्याने कामाचे दिवसाला आठ तास आणि विश्रांतीची वेळ ठरवून दिली होती. प्रश्न अशा मर्यादांच्या पालनाचा आहे. मानसिक त्रास आणि झोपेच्या तक्रारींसाठी ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

तिशीनंतरच्या नागरिकांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी आरोग्य केंद्रांत होतेच. तिला तीन प्रश्न जोडले, तर या विषयातले बरेच आजार वेळेत हाती लागतील : घोरताना श्वास अडकतो असे घरच्यांनी सांगितले आहे का, आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही का, आणि दिवसा गाडीवर किंवा यंत्रावर काम करताना डोळा लागतो का. यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर त्या व्यक्तीला ग्रामीण रुग्णालयात पुढील तपासणीसाठी पाठवावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर निदान होईपर्यंत तिने वाहन चालवू नये.